हक्कच हातात नसेल तर सोडणार काय?

आपल्या कोणत्याही वस्तीत, कोणत्याही घरात जा. भिंतीवर तथागत बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे फोटो असतातच. त्यांच्या शेजारी बहुधा आणखी एक जुना, कडा पिवळ्या पडलेला फोटो असतो, घरातल्या आजोबांचा नाहीतर पणजीचा. आमच्या घरीही असा एक आहे. माझ्या आजोबांचा तो आयुष्यातला एकमेव फोटो, हिंगोलीच्या एका स्टुडिओत काढलेला. अंगातला कोट त्यांचा नाही, स्टुडिओवाल्याचा आहे. खांद्यावर तो सैल बसलेला स्पष्ट दिसतो. पण चेहरा त्यांचाच आहे. ज्या माणसाची सावली अंगावर पडू नये म्हणून गाव जपत होते, त्याचा चेहरा थोड्याशा पैशांत कागदावर उमटला आणि नातवंडांपर्यंत पोचला.

हे इतके स्वस्त कसे झाले, हा प्रश्न मला वकिली सुरू केल्यानंतर पडला. कारण कोणताही शोध आपोआप गरिबाच्या दारात येत नाही. त्यावर आधी कोणाची तरी मालकी बसते आणि ती मालकी सुटते तेव्हाच तो शोध सामान्य माणसापर्यंत येतो. ती मालकी कशी सुटली, हे समजून घेतले तर आपल्या समाजातल्या कारागिराने, शेतकऱ्याने आणि शिकणाऱ्या पोराने काय करावे, हेही समजते. म्हणून फोटोच्या पेटंटची सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आज सांगावीशी वाटते.

१८३९ साली फोटो काढण्याच्या दोन पद्धती जगापुढे आल्या. फ्रान्समध्ये दागेर या माणसाने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उतरवण्याची रीत काढली. फ्रेंच सरकारने ती विकत घेतली. दागेरला वर्षाला ६,००० फ्रँक आणि त्याचा दिवंगत भागीदार निएप्स याच्या मुलाला ४,००० फ्रँक असे आजीव मानधन बांधून दिले आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजी सगळी कृती जाहीर करून टाकली. जगभर वाहवा झाली. मात्र त्याच्या पाचच दिवस आधी, १४ ऑगस्टला, दागेरच्या वतीने इंग्लंडमध्ये पेटंट घेतले गेले होते. म्हणजे जगाला दान आणि इंग्लंडला बिल!

इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट हा संशोधक होता. लॅकॉक ॲबी या वाड्याचा मालक, जमीनदार, गणिती, पार्लमेंटचा माजी सदस्य. त्याने कागदावर आधी उलटे चित्र घ्यायचे आणि त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढायच्या, ही रीत शोधली. आपण ज्याला निगेटिव्ह म्हणतो ती हीच. दागेरच्या पत्र्यावर एकच फोटो मिळे, टॉलबटच्या कागदावरून अनेक. पुढची दीडशे वर्षे, डिजिटल कॅमेरा येईपर्यंत, जगातले बहुतेक फोटो याच तत्त्वावर निघाले. बाबासाहेबांची एकच मुद्रा लाखो घरांत पोचली ती याच तत्त्वामुळे. माणूस थोर होता, यात वाद नाही.

८ फेब्रुवारी १८४१ रोजी टॉलबटने या पद्धतीचे पेटंट घेतले. ज्याला धंदा म्हणून फोटो काढायचे असतील त्याने परवाना घ्यावा आणि पैसे भरावेत, असा दंडक झाला. हे पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हते, म्हणून तिथे हिल आणि ॲडम्सन या जोडीने मोकळेपणाने काम केले. त्यांनी न्यूहेवनच्या कोळी बायकापुरुषांचे फोटो काढले. कष्टकरी माणसाचे इतके मानाने काढलेले फोटो त्याआधी जगात नव्हते. इंग्लंडमध्ये मात्र फोटोचा धंदा रखडला.

शेवटी १८५२ साली रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड रॉस आणि रॉयल ॲकॅडमीचे अध्यक्ष सर चार्ल्स ईस्टलेक यांनी टॉलबटला पत्र लिहिले. पेटंटमुळे आपला देश या कलेत मागे राहतो आहे, आपण काही सवलत द्यावी, अशी विनंती त्यात होती. टॉलबटने उत्तर दिले आणि १३ ऑगस्ट १८५२ च्या ‘टाइम्स’मध्ये हा पत्रव्यवहार छापून आला. टॉलबटने आपले पेटंटचे हक्क देशाला अर्पण केले. इतिहासाच्या पुस्तकांत हे औदार्य म्हणून नोंदले जाते.

पण वकिलाची एक सवय असते. दस्तऐवज हातात आला की तो आधी ‘मात्र’ हा शब्द शोधतो. टॉलबटच्या पत्रातही तो होता. सर्व हक्क सोडले, मात्र विक्रीसाठी माणसांचे फोटो काढण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला. डोंगर, नद्या, चर्च, पुतळे सगळे मोकळे. माणसाचा चेहरा तेवढा राखीव! सामान्य माणसाला स्टुडिओत जाऊन काय हवे असते? त्याला डोंगराचा फोटो नको असतो. त्याला आपल्या आईचा, लेकराचा फोटो हवा असतो. धंदा तिथेच होता आणि टॉलबटने नेमके तेच दार कुलूपबंद ठेवले. प्रस्थापित माणूस त्याग करतो तेव्हा काय सोडले याच्याइतकेच काय ठेवले हेही पाहावे लागते.

मग चेहरा मोकळा कसा झाला? तो कोर्टात झाला. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या शिल्पकाराने काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरून फोटो घेण्याची नवी रीत प्रसिद्ध केली. फोटो स्वच्छ येई आणि खर्चही कमी. टॉलबट म्हणू लागला, हीसुद्धा माझ्याच पेटंटमध्ये येते. त्याने स्टुडिओवाल्यांवर दावे लावले आणि एका छायाचित्रकाराविरुद्ध मनाईहुकूमही मिळवला. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा लारोश हा फोटोग्राफर मात्र झुकला नाही. डिसेंबर १८५४ मध्ये टॉलबट विरुद्ध लारोश हा खटला चालला. ज्युरीने निवाडा दिला, कागदी पद्धतीचा खरा शोधक टॉलबटच आहे, पण लारोश वापरतो ती काचेची पद्धत वेगळी आहे. टॉलबटने आपल्या पेटंटची मुदत वाढवून घेण्याचा नाद सोडला आणि १८५५ साली ते पेटंट संपले.

म्हणून मी म्हणतो, गरिबाच्या चेहऱ्याचा फोटो जमीनदाराच्या औदार्यातून आला नाही. तो एका दुकानदाराच्या लढ्यातून आला. टॉलबटचा त्याग खोटा नव्हता, पण तो अर्धा होता. उरलेला अर्धा हक्क मागून मिळाला नाही, भांडून मिळवावा लागला. महाडच्या चवदार तळ्याचा ज्यांना वारसा आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ते पाणीही पालिकेच्या ठरावाने मिळाले नव्हते. १९२७ साली बाबासाहेबांना तळ्यावर जावे लागले आणि पुढे दहा वर्षे कोर्टात झुंजावे लागले.

आता या गोष्टीतल्या तिसऱ्या माणसाकडे वळू, कारण आपले नाते त्याच्याशी आहे. आर्चर हा खाटकाचा मुलगा, लहानपणीच पोरका झालेला, चांदीकाम करणाऱ्याकडे उमेदवारी केलेला. ज्या रीतीने पुढची जवळजवळ तीस वर्षे जगावर राज्य केले ती त्याने शोधली आणि पेटंट न घेता एका मासिकात छापून टाकली. ज्याला हवी त्याने वापरावी. स्टुडिओवाले श्रीमंत झाले. आर्चर १ मे १८५७ रोजी ऐन चाळिशीत कफल्लक अवस्थेत मेला. त्याच्या कुटुंबासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली आणि पुढे मुलांना सरकारी तुटपुंजे पेन्शन मिळाले.

टॉलबटने हक्क घेतला आणि मग सोडला. त्याचे नाव उदार म्हणून राहिले. आर्चरने हक्क घेतलाच नाही, त्यामुळे त्याने काही सोडले असे कोणाला वाटलेही नाही. खरे तर आर्चरचा त्याग मोठा होता. पण त्याची नोंद नव्हती, आणि ज्या त्यागाची नोंद नसते त्याला जग त्याग म्हणत नाही, फुकट मिळालेला माल म्हणते.

हाच आर्चर आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे, दलित समाजातले, दीडेक एकराचे शेतकरी. शाळा तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमारास शेतातल्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्षे निवड करत बारीक दाण्याचे, भरघोस उत्पन्न देणारे वाण तयार केले. बियाणे मागेल त्याला दिले. वाण बाजारात गेले तेव्हा एचएमटी घड्याळांचा जमाना होता, म्हणून त्या धानाला नाव पडले एचएमटी. शोध दादाजींचा आणि नाव घड्याळाच्या कंपनीचे!

१९९४ साली अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने दादाजींकडून बियाणे नेले आणि १९९८ साली ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित झाले. आम्ही शुद्धीकरण आणि निवड करून वाण सुधारले, असे विद्यापीठाचे म्हणणे. तसे केलेही असेल. पण ज्याच्या शेतातून ते आले त्याचे नाव त्या वाणात कुठे आहे? पुढे २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांना गौरवले, राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सन्मान झाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव छापले. सन्मान झाले, पण घरची तंगी सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी दीर्घ आजाराने दादाजी गेले. फ्रान्सने दागेरला आजीव मानधन दिले होते १८३९ साली. आपले पुरोगामी राज्य जवळजवळ दोन शतकांनंतरही तिथवर पोचले नाही.

काही मित्र म्हणतात, वकीलसाहेब, ज्ञान सगळ्यांचे असावे, पेटंट हे भांडवलदारांचे हत्यार आहे, मग तुम्ही त्याची बाजू का घेता? मित्रांचा हेतू चांगला आहे. औषधांच्या पेटंटमुळे गरीब रोगी मरतो, हे मलाही दिसते. पण पेटंट म्हणजे काय ते आधी समजून घ्या. पेटंट हा एक करार आहे. तू तुझी युक्ती उघड करून लिहून दे, आम्ही तुला ठरावीक मुदतीपुरती मक्तेदारी देतो. टॉलबटच्या काळी ती मुदत चौदा वर्षे होती, आज आपल्या कायद्यात वीस वर्षे आहे. मुदत संपली की युक्ती सगळ्यांची. आता वर्णव्यवस्थेकडे पाहा. तिने ज्ञानावर जी मक्तेदारी बसवली तिला मुदत नव्हती आणि ज्ञान उघड करण्याची अटही नव्हती. उलट ऐकणाऱ्याच्या कानात शिसे ओतण्याची शिक्षा होती. ज्यांच्या पूर्वजांनी अशी मक्तेदारी भोगली, त्यांनी आज दीड एकरवाल्या शेतकऱ्याला ‘ज्ञान फुकट वाटावे’ असा उपदेश करू नये.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यातली. आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतची हळद नावाजलेली आणि तिला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरते या ‘शोधा’चे पेटंट तिथल्या एका विद्यापीठाच्या नावे दिले गेले. आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक असलेली गोष्ट! डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संस्थेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. कशाच्या जोरावर? जुन्या संस्कृत ग्रंथांच्या आणि १९५३ साली छापून आलेल्या एका वैद्यकीय निबंधाच्या जोरावर. आजीच्या तोंडच्या साक्षीवर नव्हे. कागद लागला. ज्यांना हजारो वर्षे अक्षर लिहू दिले नाही त्यांच्या ज्ञानाला कागद नाही, आणि ज्याला कागद नाही ते ज्ञान कोणीही उचलून नेऊ शकतो. आपली खरी अडचण ही आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे वसमत तालुक्यातला एक तरुण आला. आयटीआय झालेला. हळद शिजवायच्या यंत्रात त्याने असा बदल केला होता की सरपण कमी लागे आणि वाफ वाया जात नसे. त्याने ते यंत्र एका वर्कशॉपवाल्याला दाखवले, हाताने काढलेले चित्रही दिले. हंगामात वर्कशॉपवाल्याने तशी यंत्रे स्वतःच्या नावाने विकली. पोरगा मला म्हणाला, “साहेब, मी तर सगळ्यांच्या भल्यासाठीच दाखवलं होतं. फुकट द्यायची तयारी होती माझी. पण त्यानं निदान माझं नाव तरी घ्यायला पाहिजे होतं.” मी विचारले, काही लिहून ठेवलेस का? तारीख? साक्षीदार? त्याच्याकडे मोबाइलमधल्या एका व्हिडिओशिवाय काही नव्हते, आणि तो व्हिडिओही त्याने आधीच सगळ्या गावाला पाठवला होता. शोध असा जगजाहीर झाला की बहुतेक वेळा त्याचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपते. मी जिल्हा न्यायालयात वकिली करणारा माणूस, पेटंट एजंट नाही. पुढच्या सल्ल्यासाठी मी त्याला जाणकाराकडे पाठवले, तिथेही फारसे काही हाती लागले नाही. त्याचे ते वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. फुकट द्यायची तयारी होती. पण द्यायला त्याच्या हातात कायद्याने काहीच नव्हते.

भारतीय पेटंट कायदा, १९७० मध्ये कलम ६३ आहे. पेटंटधारकाला आपले पेटंट स्वखुशीने सोडून देता येते. कलम २८ प्रमाणे खऱ्या शोधकाचे नाव पेटंटमध्ये नोंदवून घेता येते. म्हणजे कायदा त्यागाला आडवा येत नाही. मात्र सोडण्याचे कलम लागू व्हायला आधी मिळवण्याची कलमे ओलांडावी लागतात. आमच्या माणसाने आधी हक्काचा मालक व्हावे, मग खुशाल दानशूर व्हावे. मालक न होता दान केले की त्याला वेठबिगारी म्हणतात आणि आपण ती पुष्कळ केली आहे.

म्हणून तरुणांना आणि शेतकऱ्यांना काही गोष्टी आग्रहाने सांगतो. पहिली, नवीन काही सुचले, केले, जमले तर आधी वहीत लिहा, तारीख टाका, सही करा आणि जाणकाराला विचारेपर्यंत गावभर दाखवू नका. दुसरी, पूर्ण तयारी नसेल तर तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करता येतो, मग पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. त्या ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीसाठी १,६०० रुपये आहे. पुढच्या टप्प्यांचा खर्च वेगळा आहे आणि तो कमी नाही, हेही लपवत नाही. तिसरी, बियाण्याला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, पण २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला स्वतः तयार केलेल्या वाणाची नोंदणी करता येते आणि कलम ४४ ने शेतकऱ्याला त्या कामात फी माफ आहे. दादाजींचे बियाणे नेले गेले तेव्हा हा कायदा नव्हता. आज आहे. वापरला नाही तर दोष कोणाला द्यायचा?

आणि शासनाकडे मागणी अशी की, फ्रान्सने १८३९ साली केले ते महाराष्ट्राने करून दाखवावे. कष्टकऱ्याचा शोध लोकोपयोगी असेल तर तो रीतसर विकत घ्यावा, त्याला आजीव मानधन द्यावे, त्याचे नाव त्या वाणाला किंवा यंत्राला द्यावे आणि मगच तो सर्वांसाठी खुला करावा. कृषी विद्यापीठांनी शेतकऱ्याकडून मूठभर बियाणे नेले तरी त्याची पावती द्यावी. पावती ही साधी गोष्ट आहे. सावकारसुद्धा देतो.

आजोबांच्या त्या फोटोमागे स्टुडिओचा शिक्का आहे. फोटो काढणाऱ्याचे नाव आहे, आजोबांचे नाव नाही. ते वडिलांनी नंतर बॉलपेनने लिहिले. आपल्या समाजात कोणाच्या तरी हातून रोज काहीतरी नवे घडते आहे, शेतात, वर्कशॉपमध्ये, स्वयंपाकघरात. त्याच्या मागे त्याचे नाव दुसऱ्या पिढीने बॉलपेनने लिहायची वेळ येऊ देऊ नका. ते आजच, त्याच्या हयातीत, शाईने आणि शिक्क्यानिशी लिहून घ्या. नंतर वाटायचे तर जगाला वाटा.

जयभीम!